बारा की वीस

४ ऑगस्ट, सोमवार

बारा म्हणे! मिशी धड फुटली नाही आणि माझं उत्तर खोडतो!

दहावीपर्यंत काजलचं गणित माझ्याकडे होतं. कामावरून आलो की चहा, आणि ती पुस्तक घेऊन समोर. आता अकरावीला गेली तर वरच्या मजल्यावरचा धम्मानंद शिकवतो. इंजिनिअरिंगला आहे, पैसे घेत नाही, म्हणून आमच्या भावनाबाई त्याचे गोडवे गातात. बायको माझी की त्याची वकील?

गणित साधं. गुळगुळीत टेबलावर तीन किलोचा ठोकळा. त्याची दोरी कप्पीवरून खाली, तिला दोन किलोचं वजन. सोडून दिलं तर दोरीला ताण किती? मी म्हटलं, किलोला दहा धरून वीस न्यूटन. लटकलंय तेवढाच ताण! मिहानमध्ये क्रेन चालवतो मी. हा मला दोरी शिकवणार?

"पप्पा, दादा म्हणते बारा."

"अन् तू काय म्हणतं वं?"

पुस्तक उचललं आणि वर गेली. म्हणजे त्याचंच खरं.

७ ऑगस्ट

पुस्तक माझ्यासमोर उघडलंच नाही. चहा एकट्याने प्यायलो. वरून तिचा चढलेला आवाज — काय एवढ्या गप्पा रंगतात फिजिक्समध्ये?

भावना म्हणते, "जळून राहिले ना तुम्ही!" हो, जळतोय. पोरगी माझी आहे.

१० ऑगस्ट, रविवार

मायलेकी जरीपटक्याच्या बाजारात. मी रद्दी मोजायचा तानकाटा काढला, कांद्याची पिशवी अडकवली. स्थिर धरली — दोन किलो. हात झटकन खाली नेला — काटा दोनच्या बराच आत! पुन्हा केलं. पुन्हा तेच.

म्हणजे वजन खाली पळत सुटलं की दोरीवर पूर्ण भार येतच नाही. क्रेनवर हे कधी दिसलं नाही, कारण आम्ही भार सावकाश, एका चालीने उतरवतो. झटका दिला की सुपरवायझर अंगावर येतो. मग कागद घेऊन बसलो. दोन्ही वजनं मिळून एकच धरली, वेग किती वाढतो ते काढलं, मग एकट्या ठोकळ्याचा ताण. बारा.

पोरटं बरोबर निघालं!

काजलला सांगणार होतो. ती आली, पिशवी ठेवली आणि थेट वर. मग नाही सांगितलं. त्याचा मोठेपणा मी कशाला वाढवू?

१४ ऑगस्ट

शनिवारी कॉलेजात चाचणी. त्यातून जेईईच्या खास बॅचला मोजकेच घेणार. काजल त्यासाठी जिवाचं रान करतेय. विचारलं, काही अडून राहिलं काय?

"नाही पप्पा. झालं माह्यं सगळं."

झालं असेल. माझी गरज कुठे आहे!

२० ऑगस्ट, बुधवार

काजलची बॅच हुकली. एका गणिताने.

धम्मानंद तिचा पेपर घेऊन खाली आला. मला वाटलं, टोमणा मारायला आला.

"काका, आता तुम्हीच समजवा तिले. तेच दोरीचं गणित आलं होतं, वीस लिहून आली! पहिल्या दिवसापासून भांडून राहिली माह्याशी. म्हणते, माह्ये पप्पा क्रेन चालवते, त्यायचं चुकत नाही."

तो गेला. थोड्या वेळाने काजल चहा घेऊन आली. काखेत पुस्तक होतं.