अर्थिंगची वायर

आप्पा,

डाळजचं लग्न उरकून आत्ता दुपारी मी इंदापूरला घरी आले. पोरगं झोपलंय. त्याचा बाप तितंच मंडपावर थांबलाय, भोंगे उतरवायला. त्याचा बाप म्हंजे तुमचा भाचा. तुमच्या माघारी आईनं मला आत्याच्याच घरात दिली, आनि तुमचं मशीन, माईक, भोंगे बी माझ्या मागं हितंच आले. तुमचा धंदा आता हेच करत्यात. पोरगं दीसभर लाटनं तोंडाला लावून हॅलो हॅलो करत फिरतंय. समदी हसत्यात. मला हसू येत न्हाय.

मंडपात गेल्यावर तुमी पयलं काय करायचा, ते मला आजून दिसतं. लोखंडी सळई घेता, मशीनमागची जमीन बघून ठोकता, तिला अर्थिंगची वायर आवळता आनि बुडाशी मिठाचं पानी वतता. मीठ आईच्या डब्यातलं. आई म्हनायची, कालवनाला मीठ न्हाय आनि ह्यांना गावची जमीन खारट करायचीय. तुमी हसायचा. माईकची वायर तुमी लायटीच्या वायरीपासनं लांब, मंडपाच्या दुसऱ्या अंगानं न्यायचा, न्हायतर भोंग्यातनं घूं घूं येतं. एकदा मी शानपन करून दोनी वायरींचं एकच वेटोळं केलं, तर तुमी माझा हात धरून बाजूला सारला. म्हनाला, "ह्या सासू-सुना हायत. एका खोलीत ठिवल्या की गुरगुरनारच." चौथीपतुर शाळेत शिकलेलं समदं इसरले, हे न्हाय इसरले.

पणदऱ्याच्या त्या लग्नात लायटीच्या माळा लई व्हत्या, समद्या मशीनच्या शेजारनंच गेलेल्या. तुमी वायरी हलवून बघितल्या, सळईला परत पानी घातलं, तरी घूं घूं जाईना. नवरदेवाचा मामा म्हनाला, भोंगा आनलाय का मधमाश्यांचं मव्हाळ? मंडप हसला. लायटीवाला म्हनाला, अर्थिंग काढा, आत्ता गप हुईल. तुमी न्हाय म्हनाला. त्यो परत म्हनाला तरी तुमी न्हायच म्हनाला. मग नवरीचा बाप आला आनि त्यानं हात जोडले. "आप्पा, पावन्यांत माझी लाज जाती."

आनि तुमी वाकला. वायर सोडली. घूं घूं खरंच गेली, लोक खूश झाले. खाली सडा मारलेला, माती वली. तुमी चपला काढून भटजीच्या म्होरं माईक सरकवायला गेला, लोखंडी दांडीला हात घातला. मशीनच्या आत कुठंतरी वायर पत्र्याला टेकली व्हती म्हनं. अर्थिंग असती तर करंट जमिनीत गेला असता. मी बायकांत बसले व्हते, मुठीत अक्षता धरून. तुमी पडला तरी मूठ सोडायचं मला सुचलं न्हाय.

आज जावंच्या भनीचं लग्न, म्हनून आमी समदीच गेलो व्हतो. तितं बी घूं घूं. ह्यांनी माईकची वायर माळांखालनं काढून पल्याड नेली, निम्मी कमी झाली. निम्मी ऱ्हायली. वऱ्हाडातला एकजन म्हनाला, पिठाची गिरन कुनी चालू ठिवलीय? ह्यांचं तोंड लाल झालं. पक्कड घेऊन मशीनमागं निघाले. मला कळलं. मी पोराला काखंला मारून म्होरं झाले आनि सळईपाशी जाऊन खालीच बसले, वायरीवर हात ठिवून.

"ऊठ. लोक बघत्यात."

"बघू द्या."

"मामाचं नशीब तसं व्हतं. दर बारीला तसं हुतंय व्हय?"

"आप्पांना बी एकदाच झालं."

आत्या लांबनं बघत व्हती. मला वाटलं आता सासू म्हनून माझ्यावर वराडती. ती आली, लुगडं सावरलं आनि माझ्या शेजारी मातीत बसली. भाऊ व्हता तुमी तिचा. हे पक्कड खिशात घालून गेले.

लग्न लागलं आप्पा. मंगलाष्टकं घूं घूं मधीच झाली. पोरंसोरं हसली. अक्षता पडल्या, हार घातले, पंगती बसल्या. जिलबी कमी पडली, मग लोक जिलबीचंच बोलाया लागले. घूं घूं कुनाच्या ध्यानात बी ऱ्हायली न्हाय.

मला यष्टीत बसवून हे भोंगे उतरवायला परत फिरले. उद्या सणसरला लग्नाची सुपारी हाय. तितं मला कोन नेतंय? पक्कड लपवली तर दुसरी घेतील. दारात गाडी वाजंपतुर मी उंबऱ्यात बसून असते, दर बारीला.

इतकी वर्सं आमी पणदऱ्याच्या त्या मामाला, लायटीवाल्याला शिव्या घातल्या. आई तर आजून घालती. पर आज तितं मातीत बसल्यावर मला उमगलं, माझा राग त्यांच्यावर न्हाय. तुमाला समदं ठाव व्हतं. लोक हसले असते, नवरीच्या बापाचं तोंड उतरलं असतं, आनि सांजच्याला तुमी भोंगे घेऊन घरी आला असता. एवढंच झालं असतं आप्पा.

हा कागद चुलीत घालीन, कुनाच्या हाताला लागू ने. मी तुमच्यावर रागावलेय, हे मला तुमच्या फोटोम्होरं उभं ऱ्हाऊन सुदिक सांगता येत न्हाय.