लोविनाच्या दगडावर काय असू नये

सोमवार, ११ फेब्रुवारी १८८४. कडक थंडी, वारा नाही. सकाळी दारापासून पंपापर्यंतचे बर्फ बाजूला केले, कोंबड्यांना दाणे टाकले. डॉक्टर मर्च येऊन छाती ऐकून गेले. जे लिहायचे ते आजच लिहा, संध्याकाळी साक्षीला येतो, असे म्हणाले.

मी एलिहू ब्रॉक, थडग्यांचे दगड घडवणारा, राहणार हार्लो फॉल्स, व्हरमाँट राज्य, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात नाहीत. ते दोन वर्षांपासून थरथरतात, म्हणून अक्षर असे आले आहे. पण ते माझेच आहे. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण माझी पत्नी लोविना माझ्या मागे राहील असे धरून चाललो होतो. ती गेल्या महिन्यात छातीच्या तापाने वारली. जमीन गोठलेली असल्यामुळे तिची शवपेटी गावच्या दगडी कोठीत ठेवली आहे. वसंतात जमीन मऊ झाली की खड्डा खणतील आणि दगड बसवतील. तेव्हा मी असेन की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. हा कागद मुख्यतः त्यासाठी आहे.

कलम पहिले. राहते घर, मागचे सफरचंदाचे आवार, गाय आणि बर्फावरची स्लेज माझा पुतण्या आसाहेल ब्रॉक याला द्यावी. त्यालाच मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. स्वयंपाकघराच्या खिडकीशी भिंतीला ठोकलेली फळी त्याच्या बायकोला अडचणीची वाटेल. ती काढू नये. लोविना पीठ मळता मळता हात पुसून तिथे लिहीत असे. फळीच्या कडेला पिठाचे डाग आहेत, ते घासून जात नाहीत. मी घासून पाहिले आहे.

कलम दुसरे. छिन्न्या, मोगऱ्या, गुण्या, घासायचे दगड आणि कारखाना हेही आसाहेललाच. तो चौदा वर्षे माझ्याबरोबर आहे आणि त्याचे अक्षर आता माझ्यापेक्षा सरळ येते. मी त्याला पहिल्या दिवशी शिकवले होते की गिऱ्हाईक सांगेल ते कोरायचे, आपले डोके लावायचे नाही. तो ते पाळतो. याबद्दल पुढे लिहिले आहे.

कलम तिसरे. माळ्यावर लोविनाच्या दुसऱ्या कवितासंग्रहाच्या प्रती खोक्यात आहेत. त्या खपल्या नाहीत. उंदरांनी सोडलेल्या प्रती शाळेला द्याव्यात, आणि शाळेने घेतल्या नाहीत तर परत माळ्यावर ठेवाव्यात. सरपणात घालू नयेत. त्यात गिरणीच्या ओढ्यावर एक कविता आहे. लोविना त्या गिरणीवाल्याचीच मुलगी होती, आणि सतराव्या वर्षापासून शाळेत शिकवीत होती. ती कविता ती मला वाचून दाखवीत असे. मला काव्यातले कळत नाही, पण ओढा ओळखू येत असे.

कलम चौथे. देशभर माझ्या पत्नीचे नाव एकाच कवितेमुळे आहे. त्या कवितेबद्दल मी शपथेवर सांगतो.

आमची मुलगी डेलिया चार वर्षांची असताना पुरळाच्या तापाने गेली. त्याच हिवाळ्यात लोविनाने ती लिहिली. कडवी तीन. पहिल्यात आई मुलीचा पत्र्याचा कप धुते. दुसऱ्यात पुसते. तिसऱ्यात खिळ्याला अडकवते. मी ऐकून विचारले, संपली का? ती म्हणाली, "कप अडकवल्यावर आणखी काय करतात, एलिहू?"

बॉस्टनच्या एका साप्ताहिकाने ती छापली. छापून आली तेव्हा कडवी चार होती. चौथ्यात मुलगी देवाच्या अंगणात त्याच कपातून पाणी पिते आणि आईला येताना पाहून हात पुढे करते. लोविनाने संपादकाला पत्र लिहिले. त्याने उत्तर पाठवले की वाचकांना असे थंडीत दाराबाहेर उभे करून ठेवता येत नाही. म्हणून कचेरीतच चार ओळी जोडल्या, आणि त्यांचे श्रेय आम्हाला नको. पुढे तिला चाल लागली, ती प्रार्थनागीतांच्या पुस्तकात गेली, आणि लोक ती दफनाच्या वेळी गाऊ लागले. गातात ते चौथे कडवे. पहिली तीन फार कमी ठिकाणी गातात.

तिने दुसरे पत्र लिहायला घेतले होते. त्या आठवड्यात शेजारची फिलेना हस्किन तिच्या नवऱ्याबरोबर दगड सांगायला आली. तिची तिन्ही मुले घटसर्पाने गेली होती. नवरा माझ्याशी कारखान्यात बोलत होता आणि फिलेना स्वयंपाकघरात बसली होती. मधले दार उघडे होते. ती म्हणाली, "लोविना, तुझ्या त्या शेवटच्या चार ओळी आहेत ना, त्या म्हणूनच मी सकाळी पाय जमिनीवर टाकते. आधीच्या मला वाचवत नाहीत." लोविनाने तिला चहा दिला. ती गेल्यावर लोविनाने अर्धे लिहिलेले पत्र चुलीजवळच्या टोपलीत टाकले आणि बटाटे सोलायला घेतले.

फिलेनाच्या मुलांच्या दगडावर ते कडवे मी कोरले. त्यानंतर पुष्कळांच्या दगडांवर कोरले. गिऱ्हाईक सांगेल ते कोरायचे. लोविना कॉफी घेऊन कारखान्यात येई, दगडाकडे बघे आणि म्हणे, "हल्ली तुझं 'अंगण' फार सुबक यायला लागलंय." रागाने म्हणत नसे. बाहेरगावचे लोक तिला बघायला येत. एका बाईने स्वाक्षरीबरोबर शेवटचे कडवे लिहून मागितले. लोविनाने पहिली तीन लिहिली, सही केली आणि कागद संपला म्हणून सांगितले. कागद अर्धा कोरा होता.

शेवटच्या आजारात, बोलता येत होते त्या दिवशी, तिने माझा हात धरला. म्हणाली, "ते माझ्यावर नको. बाकी काहीही कोर. हवं तर तुझ्या कारखान्याची जाहिरात कोर." मी हो म्हणालो.

लोविनाच्या अंत्यप्रार्थनेनंतर चर्चच्या बायका घरी आल्या. पुढे फिलेना होती. दगडावर ते कडवे असावे, असे त्यांचे ठरले होते, आणि पाद्रींनाही ते पसंत होते. मी नको म्हणालो. त्यांनी एकमेकींकडे पाहिले. दुःखात माणूस असेच बोलतो, असे एकजण दाराशी म्हणाली.

फिलेना मागे थांबली होती, म्हणून मी तिला खरे ते सांगितले. ते कडवे लोविनाचे नाही, कचेरीतल्या कुणीतरी जोडले, हे सगळे. इतकी वर्षे आम्ही ते तिच्यापासून लपवून ठेवले होते, तेव्हा ती खाली बसेल असे मला वाटले होते. ती हातमोजे घालत उभी राहिली.

"मला कळलं नसेल असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "पहिली तीन ज्या बाईनं लिहिली, ती चौथं लिहिणारच नाही. पण मी ते तिच्याच आवाजात म्हणत आले, एलिहू. आता ते दुसऱ्या कुणाचं कसं होईल?"

"तिला नको होतं."

"मला हवंय. तू गावभर सांग खुशाल. गायचं कुणी थांबणार नाही."

मी चर्चचे कारभारी डीकन वेस्कॉट यांना सांगितले, पाद्रींना सांगितले. गायचे कुणी थांबले नाही. गेल्या रविवारीही गायले.

लोविनासाठी बाजूला ठेवलेला पांढरा संगमरवर माझ्या कारखान्यात पोत्याखाली होता. आसाहेलकडून मी तो आखूड करून घेतला, नाव आणि दोन तारखा मावतील एवढाच. चार ओळींना जागाच राहू नये, हा हेतू. फिलेना दूध द्यायला आली तेव्हा तिने पोते उचलून पाहिले, दगडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पाठीमागं भरपूर जागा आहे की."

मी आसाहेलला विचारले, मी नसताना त्या बायकांनी काम सांगितले तर काय करशील? त्याने छिन्नी पुसून ठेवली. मग म्हणाला, "काका, तुम्ही असेपर्यंत कुणाचं ऐकणार नाही. पण नंतर अख्खं चर्च दारात उभं राहिलं, तर मी काय सांगू? तुम्हीच तर शिकवलंत." त्याचे चुकले असे मी म्हणत नाही.

तरी लिहून ठेवतो. दगडाच्या पुढच्या बाजूला लोविना ब्रॉक हे नाव आणि दोन तारखा असाव्यात. पाठ कोरी असावी. कोणी कारण विचारले तर म्हातारा चिक्कू होता, अक्षरे वाचवली, असे सांगावे. हे मी सांगू शकतो. राखायला मी तिथे नसेन.

कलम पाचवे. बॉस्टनचा तो संपादक हयात असल्यास त्याला काही देणे नाही. मुलीचे नाव डेलिया होते, एवढे मात्र त्याला कळवावे. त्याने ते कधी विचारले नाही.

कलम सहावे. खिळ्यावरचा डेलियाचा पत्र्याचा कप मी लोविनाच्या शवपेटीत ठेवला आहे. तो घरात शोधू नये.

कलम सातवे. मला लोविनाच्या डावीकडे पुरावे. दगड कोणताही चालेल. माझ्यावर ते कडवे कोरले तरी चालेल, त्याने त्यांचे समाधान होत असेल तर.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आणि खालील तिघांसमोर सही केली. तिघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

एलिहू ब्रॉक

साक्षीदार:
जोशाया मर्च, डॉक्टर
ल्यूथर वेस्कॉट, डीकन
फिलेना हस्किन

हार्लो फॉल्स, ११ फेब्रुवारी १८८४

सह्यांच्या खालचे हे कायद्यात धरू नये. तिसरे साक्षीदार म्हणून गिरणीचे हल्लीचे मालक येणार होते, पण रस्ता बंद असल्यामुळे जवळ फिलेनाच होती. डॉक्टरांनी तिच्यापुढे कागद सरकवला आणि वाचायचा असेल तर वाचा म्हणाले.

"नाही वाचत," ती म्हणाली. "वाचलं तर सही होणार नाही माझ्याकडून." तिने नाव सावकाश, शाळेत लिहितात तसे लिहिले. मी तिला दगडाच्या पाठीबद्दल विचारणार होतो. ती शाल डोक्यावरून घेऊन डीकनच्या मागोमाग बाहेर पडली, आणि मी दार लावून घेतले.

तिघांचे कप धुऊन फडताळात ठेवले. माझा शेवटी धुतला, पुसला, आणि रिकाम्या खिळ्याला अडकवला.