दहा गुंठ्यांचं पाचट

अकोला, १६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना प्रतीक्षाचा सा. न. वि. वि.

फोन केला की आई तो स्पीकरवर टाकते, जीवनकाका मध्येच बोलतात आणि माझं अर्धं शास्त्र हवेत जातं. म्हणून पत्र.

ऊस तुटून मलकापूरच्या रसवंत्यांवर गेला असेल. शेतात वाळलेल्या पानांचा तो गुडघाभर थर, तुमचं नावडतं पाचट, यंदा पेटवू नका. एकरभर नको म्हणालात, तर दहा गुंठे द्या. पेटवलं की त्यातलं नत्र धुरासोबत जातं. सरीत पसरून ठेवलं की कुजतं आणि नत्र, पालाश जमिनीलाच परत मिळतं. ओलही टिकते. तेव्हा या दहा गुंठ्यांत बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला खताचा दाणाही टाकायचा नाही. शेजारच्या शेतातल्या भगवानकाकांना आणि पारावरच्या सगळ्यांना मी तसा शब्द दिला आहे. ते हसले. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही गावभर पेढे वाटलेत. आता ती शेतकीची पदवी त्या दहा गुंठ्यांत उभी आहे.

लोभ असावा, युरिया नसावा.

तुमची प्रतीक्षा

वडनेर भोलजी, २६ एप्रिल

चि. प्रतीक्षास अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटीनंच वाचजो. तुह्या दहा गुंठ्यातला खोडवा पिवळा पडून राह्यला. भगवानराव रोज बांधावर उभा राहून मले विचारते, पोरीनं ऊस लावला का हळद. मले राग आला. दुपारी सारे झोपले तवा जीवनच्या खळ्यातून युरियाची एक गोणी उचलली, बुडाशी टाकली अन् वरून पाचट होतं तसं सारलं. तुहं शास्त्र चुकलं असं मी म्हणत नाही, त्याले जरा टेकू दिला. आईले सांगू नको. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही.

लोभ हाय तसाच राहू दे.

तुहे बाबा

वडनेर भोलजी, ७ मे

माह्या लेकीले आईचे लाख आशीर्वाद.

आखजीच्या सणाले माहेरी गेल्ती. भाऊ लुगडं घ्यायले निघाला. मी म्हटलं, यंदा लुगडं नको, एक गोणी युरिया दे. तो म्हणे, बाई, डोकं ठिकाणावर हाय का? पण दिली. तुहे बाबा मलकापूरले गेले त्या दिवशी पाचट उचलू उचलू मूठमूठ टाकली. माह्या पोरीची हाशी गावात काऊन होऊ देईन मी? बाबाले कळू देऊ नको. ते तुह्या शब्दाचे लय पक्के, त्याईले वाईट वाटीन. तिथल्या मेसचं पातळ वरण तुले पुरते का?

जेवत जा, लोभ आपोआप राहते.

आई

वडनेर भोलजी, १४ मे (पोस्टकार्ड)

चि. प्रतीक्षाले काकाचा आशीर्वाद.

माह्या खळ्यातून एक गोणी चोरीले गेली. चोर सापडला नाही. दुसरी होती, ते मी तुह्या दहा गुंठ्यात टाकली, दादा-वहिनी लग्नाले गेल्ते तवा. गुपित हाय, कोणाले सांगू नको. पाकीट नव्हतं म्हणून कार्डावर लिहून राह्यलो.

लोभात ठेव.

जीवनकाका

अकोला, ३ सप्टेंबर

ती. बाबा, ती. आई आणि ती. काका, तिघांना एकाच पाकिटात नमस्कार.

काल भगवानकाकांचा फोन आला. म्हणाले, दहा गुंठ्यांतला ऊस दोन माणसं उंच, काळाभोर हिरवा झाला होता, आणि परवाच्या वाऱ्यात सगळा आडवा झोपला. तरी ते खूश. पुढच्या खोडव्याला ते तीन एकरांत पाचट ठेवणार, आणि माझ्या शब्दावर खत अजिबात टाकणार नाहीत. मला घाम फुटला.

म्हणून तुमची गुपितं फोडते. बाबांची एक गोणी, काकांच्या खळ्यातून उचललेली, आईची एक, काकांची एक. दहा गुंठ्यांत तीन गोण्या! नत्र जास्त झालं की ऊस नुसता उंच वाढतो आणि लोळतो. वाऱ्याला कशाला दोष द्यायचा? तो ऊस तुमच्या मायेनं आडवा झाला.

चूक मात्र माझी. कॉलेजची वही उघडली, तर माझ्याच अक्षरात होतं: पाचट कुजवणारे जिवाणू आधी स्वतःसाठी जमिनीतलं नत्र ओढतात, म्हणून पहिल्या वर्षी थोडं जास्तीचं नत्र द्यावं लागतं. खत कमी करायचं ते पुढं, वर्षावर्षानं, माती तपासून. मी शेवटचं तेवढं पाठ केलं. तुम्ही चोरून केलंत ते करायलाच हवं होतं, पण एकदाच आणि मापात.

बाबा, हे पत्र पारावर मोठ्यानं वाचा. माझं हसं झालं तर होऊ द्या. भगवानकाकांचा ऊस पिवळा पडायला नको.

लोभ असावा, पहिल्या वर्षी युरियाही असावा, पण उघडपणे.

तुमची प्रतीक्षा

वडनेर भोलजी, १२ सप्टेंबर

चि. प्रतीक्षास अनेक आशीर्वाद.

पत्र पारावर वाचलं. गोणीचा चोर मी निघालो तवा जीवन ताडकन उभा राह्यला. पुढच्या ओळीत त्याचीच बारी आली, तसा गुपचूप बसला. भगवानराव पोट धरू धरू हासला. मंग म्हणे, आजवर खत टाक म्हणणारे लय भेटले, माहं चुकलं म्हणणारं कोणी भेटलं नाही. मी पोरीचंच ऐकीन. तो पाचट ठेवणार, अन् पह्यल्या वर्षी युरिया टाकणार.

येत्या खोडव्याले आपला पूरा एकर तुहा. कोणी काडी लावणार नाही. फक्त आम्हा तिघाचा भरोसा नाही, म्हणून खताच्या खोलीले कुलूप लावलं अन् चाबी याच पाकिटात घातली. आली की तूच उघडजो, तूच मापून देजो.

लोभ वाढू दे, चाबी हरवू नको.

तुहे बाबा

(त्याच पाकिटात, चाबीभोवती गुंडाळलेली आईची चिठ्ठी)

दुसरी चाबी माह्यापाशी हाय. बाबाले सांगू नको.