आल्यावरचं रीडिंग

१७ फेब्रुवारी, सोमवार

नोटीस दिली. आमच्या दोघांचे फोटो, वयं, पत्ते, नोकऱ्या, सगळं विवाह नोंदणी कार्यालयाच्या बोर्डावर टाचणीने लावलंय. तीस दिवस कोणीही येऊन आक्षेप घेऊ शकतं. त्यानंतर लग्न लावायचं, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत. नाहीतर नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने १७ मेला संपतात. तो शनिवार. म्हणजे प्रत्यक्षात शेवटचा दिवस शुक्रवार, १६ मे. डॉक्टरांनी दिलेली तारीख १८ जून.

बाहेर आल्यावर शिवतेज म्हणाला, "पोलीस स्टेशनात लावतात तसला फोटो वाटतोय." मी हसले. दोन वर्षं कामोठ्यात एका घरात राहतोय आणि दोन वर्षं हा "घाई काय आहे" म्हणतोय. आता तेविसावा आठवडा चालू आहे. घाई काय आहे ते त्याला रोज दारातून आत येताना दिसेल.

४ मार्च

त्याच्या आईचा साताऱ्याहून फोन. माझ्याशी बोलल्या नाहीत. आमच्या घरातल्या बुद्धमूर्तीबद्दल कळल्यापासून बोलतच नाहीत. त्याला म्हणाल्या, "नोटीस-बिटीस कशाला, मूल होऊ दे, मग बघू." तो "हं" म्हणाला.

हं म्हणजे काय?

१२ मार्च

लॅबमध्ये सोबत काम करणाऱ्या चंद्रशेखरशी भांडले. तळोज्यातल्याच एका कारखान्याचा प्रेशर गेज तपासायला आला होता. आमचा पहिला नियम: वस्तू आली की स्क्रूला हात लावायचा नाही. आधी ती आहे तशी तपासायची आणि आकडा लिहायचा. आल्यावरचं रीडिंग. दुरुस्ती त्यानंतर. याने आधी काटा जुळवून घेतला आणि मग दोन्ही रकान्यांत बरोबरचे आकडे भरले.

"अगं, आता बरोबर दाखवतोय ना? मग?"

मग काय! तो किती चुकत होता ते आता कोणालाच कळणार नाही. चुकत असेल, तर मागच्या खेपेला बरोबर होता त्या तारखेपर्यंत मागे जावं लागतं. मधल्या काळात त्या गेजवर जे जे मोजलं ते सगळं संशयात येतं. बॉयलरचा गेज आहे, वजनकाटा नाही. हे पंधरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मी सांगायचं. त्यावर तो म्हणतो, "या दिवसांत चिडचिड होते. घरी जा, आराम कर."

या दिवसांत! मला या दिवसांच्या आधीही राग येत होता.

२५ मार्च, मंगळवार

उद्याची लग्नाची तारीख रद्द केली. शिवतेजला सांगितलं, लॅबचं ऑडिट आहे. ऑडिट खरं तर पुढच्या आठवड्यात गेलं, सकाळीच मेल आली. पण पाय सुजलेत, आणि ऑडिट म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

राग त्याचा येतोय. "चालेल, चालेल, टेन्शन नको घेऊ." अर्ध्या सेकंदात! एकदा तरी विचारायचं, का म्हणून. इतका सुटल्यासारखा आवाज. पळायच्या तयारीतच बसलाय.

३१ मार्च

नवीन तारीख १६ एप्रिल. म्हणाला, "सीझन आहे गं, हापूस संपू दे." तो वाशीला एपीएमसीत एका आंबा निर्यातदाराकडे माल तपासायला असतो. देठाजवळ डाग दिसला की पेटी बाजूला. माणसांच्या बाबतीत त्याला कुठलाच माल निवडता येत नाही.

मी म्हटलं, हापूस जूनमध्ये संपतो. बाळ पण जूनमध्येच आहे.

१६ एप्रिल, बुधवार

आला नाही.

कार्यालयातल्या बाकावर आम्ही चौघं. मी, आई, आणि साक्षीला चंद्रशेखर आणि त्याची बायको. तिसरी साक्षीदार आई. ती खांदेश्वरहून पांढरी जरीची साडी नेसून आली होती. परवा चौदा एप्रिलला मिरवणुकीत नेसली होती तीच. चंद्रशेखरने अर्ध्या दिवसाची रजा घेतलेली. मी त्याच्याशी भांडले होते तरी आला.

साडेदहाची वेळ. सव्वाअकराला फोन. "दोन कंटेनर अडकलेत, मी हलू शकत नाही. प्लीज." मागे वारा घोंगावत होता.

आई म्हणाली, "आमी काय पिकनिकला आलोय काय?" मग तिने डब्यातला केशरी शिरा काढून आमच्या तिघांच्या हातावर ठेवला. शिपाई बघत होता, त्यालाही दिला. लग्नाचा शिरा मी बाकावर बसून खाल्ला. घास गिळताना मला काही वाटलं नाही. राग मी वाटण्यात धरत नाही.

१७ एप्रिल

त्याच्या चपलांत वाळू. "ट्रकमधून सांडलेली." झाडून टाकली.

४ मे, रविवार

सकाळी अकराला बेल. शिवतेज मार्केटला गेलेला. दारात एक मुलगी, माझ्याएवढीच, हातात हेल्मेट. "अस्मिता तुम्हीच ना?" मग तिची नजर खाली गेली, माझ्या पोटावर.

सोनम तिचं नाव. त्याच्याच कंपनीत बिलं बघते. शुक्रवारी मैत्रिणीच्या लग्नाला साक्षीदार म्हणून गेली होती. बोर्डावर शिवतेजचा फोटो. शेजारी माझा. पत्ता नोटिशीवरच होता.

"मला म्हणाला होता, भाऊ-वहिनीकडे राहतो."

"म्हणजे मी वहिनी."

"मला वाटलं, म्हणून तर तो घरी बोलवत नाही." तिने हेल्मेट मांडीवर घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. "ताई, खरं सांगते, पोटाचं मला माहीत नव्हतं. नोटिशीवर ते लिहीत नाहीत."

हे मात्र खरं. नोटिशीवर ते लिहीत नाहीत.

मी विचारलं, सोळा एप्रिलला तो कुठे होता. तिने फोन काढला. उरणची चौपाटी. फोटोत तो पाण्यात पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. आम्ही तेव्हा शिरा खात होतो.

"शिव्या घाला ना मला," ती म्हणाली. "अशा शांत बसू नका."

मी तिला पाणी दिलं. खाली जाताना तिने लिफ्ट घेतली नाही. पाचही मजले पावलं ऐकू येत होती.

५ मे

काल दुपारी आला. मी एवढंच विचारलं, "तारीख सांग. कधीपासून?"

"तारीख काय, अस्मिता."

"तारीख."

"जानेवारी. शेवटचा आठवडा."

त्याच आठवड्यात विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली होती. पडद्यावर पाठीचा कणा दिसला होता, मण्यामण्यांचा. हा माझा हात धरून उभा होता. डॉक्टर म्हणाल्या, बाबांना चक्कर येतेय, खुर्ची द्या.

"मी घाबरलो होतो," म्हणाला. "सगळं एकदम पक्कं झालं. घर, मूल, मग बोर्डावर फोटो. तिच्यासोबत असलो की वाटायचं, अजून काही ठरलेलं नाही. मला प्रेमबिम नाही तिच्याशी."

भीती वाटली म्हणून! मला वाटली नसेल का? जे काही पक्कं झालं ते माझ्या पोटात झालं. मला उरणला जायची सोय नव्हती. मी लोह घेतलं, कॅल्शियम घेतलं, साखरेच्या तपासणीला उपाशी पोटी तीनदा रक्त दिलं. घाबरायला वेळ त्यालाच बरा मिळाला.

आणि तिला काय, वापरून "प्रेमबिम नाही". त्याचाही राग आला. मी त्याला तसं सांगितलं. तो रडला. मी नाही.

९ मे

गेले चार दिवस हा आदर्श पुरुष. मार्केटमधलं काम सोडलं, तळोज्यात कोल्ड स्टोरेजला लागला. फोन उघडा टेबलावर. माझ्या पायाला तेल लावतो. साताऱ्याला स्वतः फोन करून आईला सांगितलं, "लग्न सोळाला आहे. यायचं तर या." शेवटच्या दिवसाची वेळ त्यानेच घेतली. साडेदहा.

मी काही म्हटलेलं नाही. हो नाही, नाही पण नाही.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

खांदेश्वरला आईकडे. विहारातून आल्यावर खीर. सांगितलं तिला सगळं, उरणसकट. तिने पातेलं खाली ठेवलं. आधी त्याला भरपूर शिव्या दिल्या, इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग जरा वेळाने, "अस्मे, पण आता नीट वागतोय ना? मग?"

चंद्रशेखरचंच वाक्य. फक्त गेजच्या जागी शिवतेज!

"आई, आता नीट आहे याला काही अर्थ नाही. आधी किती चुकत होता, कधीपासून, ते बघावं लागतं."

"बाई, तो माणूस हाय का मीटर?" आई म्हणाली. "तू सगळ्यांना मशीनवर ठेवतेस. सोताला कधी ठेवलंस?"

मी खीर अर्धी टाकून उठले. एवढी चिडले की चपला न घालता जिन्यापर्यंत गेले. चूक कोणाची, आणि तपासणी माझी?

१५ मे, गुरुवार

आजपासून रजा. पाठ दुखतेय. ठरवलं, नियमानेच जाऊ. शेवटचं बरोबर रीडिंग कोणत्या तारखेचं, तिथपर्यंत मागे जायचं. पेन्सिल घेऊन ही वही उलटी वाचत गेले. जिथे तो चुकला तिथे समासात खूण. ५ मे, ४ मे. १७ एप्रिल, वाळू. (ती मीच झाडून टाकली. लिहिली तरी होती, हे नशीब.) १६ एप्रिलला तीन खुणा. ३१ मार्च, हापूस.

२५ मार्चला पेन्सिल थांबली. सोनम तेव्हा होती, पण ते मला कळायला अजून चाळीस दिवस होते. त्या पानावर त्याने फक्त "चालेल" म्हटलंय. पाय सुजलेत, असं मी लिहिलंय. दुसऱ्या दिवशी मी लॅबला गेले होते आणि सहा तास उभी होते.

पान चार वेळा वाचलं. खूण कुठे करायची ते सापडेना.

उद्या साडेदहा. साडी इस्त्री करून खुर्चीवर टाकलीय. शिवतेज बाहेर त्याच्या बुटांना पॉलिश करतोय, शीळ घालत.

१६ मे, शुक्रवार

तो लवकर गेला, माझ्या आईला खांदेश्वरहून आणायला. माझी रिक्षा कार्यालयाच्या कोपऱ्यावर आली तेव्हा तो दारात उभा होता. आई शेजारी, हातात डबा. म्हणजे आला होता. मी रिक्षावाल्याला म्हटलं, वळवा.

दुपारी घरी आला. "सोनममुळेच ना?"

हो म्हणता आलं असतं. कोणालाही पटलं असतं. मी वही उघडून २५ मार्चचं पान त्याच्यापुढे धरलं. त्याने दोनदा वाचलं.

"ऑडिट नव्हतंच?"

"नव्हतं."

"तेव्हा तर तुला काही माहीत पण नव्हतं."

"नव्हतं."

बराच वेळ तो बूट काढत बसला. मग म्हणाला, "जूनमध्ये दवाखान्यात येऊ?"

ये, म्हटलं.