बायको, दहापैकी

२ मार्च
हिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जासंस्थेचा आजार, होऊन चार वर्षं झाली. आज हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी प्रश्नावली दिली. रुग्णाचं जगणं कितपत सुखाचं, ते म्हणे त्यावरून कळतं. आणि भरायची कधी, तर तीन महिन्यांतून एकदा! कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये हयात घालवली मी. तासातासाला माल तपासायचो. संकल्प: उद्यापासून हिला मीच मोजणार. रोज.

३ मार्च, सकाळी ६
हलवून उठवलं. थकवा किती, दहापैकी? तुम्ही उठवेपर्यंत कमी होता, म्हणाली. असंबद्ध उत्तर. नोंद घेतली नाही.

५ मार्च
ग्रंथालयातली नोकरी पुन्हा धरायची म्हणते. अर्धा दिवस, बसून काम, डॉक्टर हो म्हणालेत. डॉक्टरांचं काय जातंय! डेटा माझ्याकडे आहे. सुखाची सरासरी साडेसहाच्या वर गेली तर परवानगी, असं सांगून टाकलं. माणसाने न्यायाने वागावं.

८ मार्च
सरासरी वाढावी म्हणून झटतोय तोही मीच. कडकडीत पाण्याने आंघोळ घातली. उष्णतेने पायातलं बळ जातं, असं ओरडत होती. पेशंटचं सगळंच ऐकायचं नसतं. बळ गेलं. दिवसभर पलंगावर. धाकटी मेहुणी आली आणि मला नाही नाही ते बोलली. सरासरी घसरली. मेहुणीमुळे.

११ मार्च
आज हिने सगळ्याच प्रश्नांना दहा सांगितले. हा शुद्ध आगाऊपणा. खोडून चार केले.

१४ मार्च
मेहुणी गाडी घेऊन आली. तिचं घर ग्रंथालयाला लागून. ही काठी टेकत, बॅग घेऊन निघाली. परवानगी नाही, म्हटलं. वळूनही पाहिलं नाही. जाऊ दे. चार दिवसांत झक मारत परत येईल.

१९ मार्च
आली नाही. घर खायला उठतं. सवयीने सकाळी सहाला स्वतःलाच प्रश्न विचारले. उत्तरं लिहिली नाहीत.

२३ मार्च
अभ्यासात खंड पडू नये, केवळ म्हणून फोन केला. पाय? तसेच. बोटांना मुंग्या? आहेतच. थकवा? संध्याकाळी बोलवतसुद्धा नाही, म्हणाली. मग एकूण जगणं, दहापैकी? नऊ.
म्हटलं, हिशेब जुळत नाही. काहीच सुधारलं नाही, तर नऊ कशाचे? पुस्तकं लावते, माणसं येतात, गप्पा होतात आणि मला कोणी मोजत नाही, म्हणाली.
शास्त्रासाठी विचारलं, मग एक कशाचा कापला?
म्हणाली, हा फोन आला ना.