विंगेतली खुर्ची

बाबा,

हॉलवर जातेय, आज पहिला प्रयोग. जेवण ओव्हनमध्ये आहे.

काल रंगीत तालमीत दुसऱ्या अंकात मी पुन्हा अडले. शब्द पाठ आहेत, पण अडलं की नजर विंगेत आईच्या खुर्चीकडे जाते. ती गेल्यापासून तिथे प्रॉम्प्टिंगला कुणी बसत नाही. नोरीन म्हणाली, "बाई गं, ती खुर्चीच उचलूया का आता?" मी नको म्हटलं.

प्रेक्षकांत बसून लोकांचं सांत्वन ऐकणं तुला नको वाटतं, माहीत आहे. मागच्या दाराने ये. नाटकाची प्रत खुर्चीवर ठेवते. मी अडले तर शब्द सांग. नाही जमलं तर नुसता बस.

प्रयोगानंतरच्या चहाला न्यायचे सॉसेज रोल मी मुद्दाम फ्रिजमध्येच ठेवलेत. कुणी विचारलंच तर सांग, ते द्यायला आलोय.

ब्रॉनी