चंद्रकोर घराण्याची गुलाबदाणी

१ फेब्रुवारी, शनिवार
मराठवाड्यातल्या तमाम चांदीप्रेमींनो, इंग्रजाचा चांदीचा साधा चमचा उलटा केला, तरी त्याच्या पाठीवर सिंह असतो, नांगर असतो, सालाचं अक्षर असतं, कारागिराची आद्याक्षरं असतात. त्यावरून तो कुणी घडवला, कुठं घडवला, कधी घडवला, सगळं सांगता येतं. आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या चांदी ठोकली. त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला ठाऊक आहे का? मलाही नाही. हा अन्याय आपण आणखी किती दिवस सहन करायचा?

(भाषणाची सुरुवात. उत्तम. भाषण कुठं करायचं, ते अजून ठरलेलं नाही.)

संकल्प: जुन्या चांदीवरच्या ठशांवरून मराठवाड्यातली कारागीर घराणी हुडकून काढायची. अभ्यास पूर्ण. दोन पुस्तकं वाचली, तिसऱ्यातली चित्रं पाहिली. भिंग मागवलं.

३ फेब्रुवारी, सोमवार
गुलमंडीच्या मागच्या बोळात अतुलशेठचं जुन्या चांदीचं दुकान. वितळवायला आलेल्या मोडीच्या ढिगात एक गुलाबदाणी दिसली. लांब मान, तोंडाला फुलासारखी चाळणी, मानेला किंचित बाक. उलटी केली. बुडाशी ठसा: चंद्रकोर, आणि तिच्याखाली तीन टिंबं. अंगावर काटा आला.

अतुलशेठना विचारलं, कारागीर कोण? ते म्हणाले, साहब, मोड में आई है, किसने बनाई क्या मालूम, पसंद है तो ले जाओ. जन्म चांदीत गेला आणि जिज्ञासा म्हणून नाही.

बदल्यात वक्तृत्व स्पर्धांची माझी तिन्ही पदकं दिली. त्यांनी घासून पाहिली. एक चांदीचं, दोन गिलिटाची निघाली. आयोजकांबद्दल माझं मत तेव्हाही चांगलं नव्हतं. वर बोटातली अंगठी द्यावी लागली.

गुलाबदाणी कपाटात, कुलूप लावून. सत्यभामेनं विचारलं, अहो, भिंतीवरची पदकं कुठं गेली? म्हणालो, पॉलिशला.

५ फेब्रुवारी, बुधवार
सासूबाई देवगाव रंगारीहून आल्या. तेवीस तारखेला तनुजाचा, म्हणजे आमच्या मुलीचा, साखरपुडा. आल्या आल्या त्यांचं जुनं दुःख निघालं. गावात त्यांच्या गुलाबदाणीशिवाय एक लग्न व्हायचं नाही. सगळे मागून न्यायचे. एका लग्नाला गेली ती परत आलीच नाही. म्हणाल्या, लेकींच्या लग्नाला व्हती, आता नातीच्या साखरपुड्याला नाय, लई जिवाला लागतंय.

लक्षपूर्वक ऐकल्यासारखं केलं. गुलाबदाण्या हरवतातच. इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची अशी एकच आहे, आणि ती माझ्या कपाटात आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
सिद्धान्त फायनल. चंद्रकोर हे घराण्याचं चिन्ह. तीन टिंबं म्हणजे तीन भाऊ. भट्टी दौलताबाद किल्ल्याच्या पायथ्याशी. धाकटा बहुधा तापट असावा; तिसरं टिंब जरा खोल आहे.

वाचनालयाचा कार्यवाह अभय याला गाठलं. सोळा तारखेला हॉल मिळाला. तो म्हणाला, त्या दिवशी दुसऱ्या कुणी मागितला नव्हता म्हणून. विनयी माणूस. पुढं विचारलं, हे कुणाकडून तपासून घेतलंय का? मी म्हणालो, तपासणारे पुष्कळ असतात, जाहीर करणारा एखादाच असतो.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी सात
प्रचंड शोध.

चहाची गाळणी शोधताना स्वयंपाकघरातला तांब्या हातातून पडला. बुडाशी चंद्रकोर आणि तीन टिंबं. मग पातेलं पाहिलं. कढई पाहिली. डाव पाहिला. सगळीकडं तीच खूण. स्टीलच्या पिठाच्या डब्यावरसुद्धा.

निष्कर्ष: हे घराणं चांदीपुरतं थांबलं नाही. पितळ, तांबं करत स्टीलपर्यंत आलं. काळाबरोबर चालणारी माणसं.

मोठ्या परातीवर मात्र मासा. म्हणजे प्रतिस्पर्धी मत्स्य घराणं. दोन्ही घराणी माझ्या एका ओट्यावर.

हिला सांगितलं, आजपासून ही भांडी वापरायची नाहीत. ती काहीतरी सांगू लागली, अहो ती खूण तर माझ्या माहेरची वगैरे. तिथंच थांबवलं. साक्षीदारानं संशोधकावर दबाव आणू नये. ती म्हणाली, बरं, मग आमटी तुमच्या भिंगात करू का?

११ फेब्रुवारी, मंगळवार
बाहेरून डबा मागवला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, घरात एवढी भांडी आन्‌ डबा कशाला? आम्ही काय मुसाफिर हाव का?

बंदी उठवली. डब्यातली भाजीही बरी नव्हती.

दुपारी त्यांनी विचारलं, भिंग लावून काय हुडकताय? म्हणालो, तुम्हाला नाही कळायचं, विषय खोल आहे. बरं बाबा, म्हणाल्या आणि शेंगा सोलत बसल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार
तालीम. श्रोते: तनुजा. तिनं विचारलं, पप्पा, पण ही खूण कशाची, हे कुणा माणसाला विचारलंत का? आजीला तरी?

मी म्हणालो, माणसं विसरतात, धातू विसरत नाही. वाक्य फार चांगलं निघालं. भाषणात दोनदा घातलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
कालचा वृत्तान्त.

हॉल अर्धा भरलेला. त्यातले अर्धे आमचे पाहुणे. मी पेटलो होतो. तीन भाऊ उभे केले, भट्टी पेटवली, धाकट्याला रुसवून पैठणला पाठवलं. लोक पुढं सरकून ऐकत होते. मग गुलाबदाणीवरचं रेशमी कापड ओढलं.

पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. मला वाटलं, भारावल्या. पदर खोचून सरळ मंचावर आल्या, गुलाबदाणी उचलली, उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं. आणि खाली बघून म्हणाल्या, सत्यभामे, हीच की गं.

पुढचं सगळं माईकवर ऐकू गेलं. त्यांना लिहितावाचता येत नाही. भांडी लग्नाकार्याला द्यायची तर ती परत आली पाहिजेत, म्हणून गावात घरोघरी आपापली खूण. त्यांनी स्वतः खिळ्यानं विळा ठोकला. चंद्रकोर नव्हे, विळा. माझ्याकडं वळून म्हणाल्या, जावईबापू, तीन भाऊ नाय वो, तीन पोरी. मधली तुमच्याच घरात हाय. लेकीला भांडी दिली ती पण खुणा करूनच दिली.

शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, मग ही घडवली कुणी? म्हणाल्या, कन्नडच्या बाजारात घेतली. कुणी घडवली ते कोण इचारतंय?

टाळ्या थांबेनात. त्यांनी गुलाबदाणी पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मी म्हणालो, माझ्या मांडणीला हा महत्त्वाचा दुजोरा आहे. अभयनं माईक बंद केला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सासूबाईंनी ओट्यावरची सगळी भांडी पालथी घातली. परातीपाशी थांबल्या. मासा. हा कुणाचा?

सत्यभामेला आठवलं. मत्स्य घराणं म्हणजे पारूबाई. आमच्या जुन्या शेजारीण, आता वाळूजकडं बजाजनगरला असतात. तनुजाच्या बारशाला परात मागून आणली होती. तनुजा नोकरीला लागली, उद्या सासरी जाईल, परात इथंच.

सासूबाईंनी परात माझ्या हातात दिली. मी ती घासायला घेतली.

२३ फेब्रुवारी, रविवार
साखरपुडा. दोन शब्द बोलण्याची तयारी केली होती. सासूबाईंनी माझ्या हातात गुलाबदाणी दिली आणि दारात उभं केलं.

चार तास गुलाबपाणी शिंपडलं. व्याह्यांवर, अभयवर, अतुलशेठवर. पारूबाई आल्या. त्यांच्यावर जरा जास्तच शिंपडलं. त्या तोंड पुसत म्हणाल्या, भाऊ, पाणी राहू द्या, माझी परात हाय का अजून?

सासूबाई खूश. म्हणाल्या, जावईबापू, हात लई चांगला हाय तुमचा, तोंडाला जरा आराम देत जा. गुलाबदाणी उद्या त्यांच्यासोबत देवगावला जाणार. तिकडं दोन लग्नघरांनी आधीच मागून ठेवलीय.

रात्री हिनं विचारलं, पॉलिशची पदकं कधी येणार? झोपेचं सोंग घेतलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
परात स्कूटरवर मावत नाही. हिनं ती ओढणीनं माझ्या पाठीला बांधलीय. वाळूजच्या रस्त्यावर सगळं शहर बघणार. बघू द्या. निघण्याआधी एवढंच लिहून ठेवतो.

मराठवाड्यातल्या तमाम गृहस्थांनो, चांदीचं नंतर बघू. आत्ता उठा, स्वयंपाकघरात जा आणि परात पालथी करा. दुसऱ्या घराची खूण दिसली, तर भाषण ठरवू नका. परात उचला आणि ज्याची त्याला आजच नेऊन द्या.